बीएस-एमएस दुहेरी पदवीच्या प्रवेशासाठी रत्नागिरीतील मार्गदर्शन केंद्र : एका पालकाचे परीक्षण

भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या, म्हणजेच आयसरच्या, पाच वर्षांच्या बीएस-एमएस दुहेरी पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करणारे मारुती मंदिर परिसरातील हे केंद्र आम्ही आमच्या मुलीसाठी निवडले होते. अर्ज भरण्यापासून प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंतचा सगळा अनुभव घेतल्यानंतरच मी हे लिहीत आहे. केवळ अर्ज भरून घेण्यासाठी येथे पैसे खर्च करण्याची गरज नाही, कारण तो अर्ज बारावीचा कोणताही विद्यार्थी घरी बसून शांतपणे भरू शकतो. मात्र हा अभ्यासक्रम आपल्या मुलाच्या स्वभावाला मानवणारा आहे की नाही, हे अर्जाच्या आधी समजून घ्यायचे असेल आणि कागदपत्रांच्या बाबतीत शेवटच्या क्षणी धावाधाव नको असेल, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पालकांनी येथे अवश्य जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या भागात बारावी विज्ञानानंतरच्या वाटा बहुतेक ठरलेल्या असतात. नीट दिली तर वैद्यकीय, सीईटी दिली तर अभियांत्रिकी किंवा फार्मसी, नाहीतर दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कृषी पदवी किंवा शिरगावचे मत्स्य महाविद्यालय. या वाटा चांगल्याच आहेत आणि माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचे त्यांनी भले केले आहे. परंतु मूलभूत विज्ञानाचीच ओढ असलेल्या मुलाला आमच्याकडे सहसा 'बीएस्सी कर आणि मग बघू' एवढेच उत्तर मिळते. पुण्यात पाषाणला आयसर आहे हे ऐकून माहीत असलेले पालक बरेच आहेत. देशभरात अशा 7 संस्था आहेत, पुणे आणि कोलकात्याच्या संस्था 2006 मध्ये सुरू झाल्या, त्यामागून मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहमपूर येथील संस्था आल्या आणि या सर्वांसाठी एकच प्रवेश परीक्षा असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिल्या भेटीत केंद्रातील समुपदेशकांनी आमच्यापुढे कोणतेही माहितीपत्रक ठेवले नाही. त्यांनी मला "बाई, तुम्ही जरा थांबा, आधी मला हिच्याशी बोलू द्या," असे सांगितले आणि मुलीला तिच्या आवडीबद्दल विचारले. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उगवणाऱ्या वनस्पतींच्या नोंदी ती आठवीपासून ठेवते. कातळावरच्या पाणथळीत सीतेची आसवे कधी फुलतात, दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती कोठे सापडते, हे तिच्या वहीत तारखांसह लिहिलेले आहे. ती वही त्यांनी पूर्ण चाळली आणि नंतर तिला सरळ विचारले, "बाळा, पाच वर्षांनी तुझ्या मैत्रिणी नोकरीला लागलेल्या असतील आणि तू कदाचित पीएचडीचे अर्ज भरत असशील. चालेल का तुला?" तिने विचार करून उत्तर द्यावे म्हणून त्यांनी त्या दिवशी आमच्याकडून शुल्कही घेतले नाही. हा प्रश्न प्रवेशाच्या धांदलीत कोणी विचारत नाही, आणि म्हणूनच मला तो या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. आमच्यानंतर आलेल्या एका पालकांना, मुलाला लवकर कमाई सुरू करायची असेल तर हा अभ्यासक्रम घेऊ नका, असे त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलेले मी ऐकले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा सल्लागार विश्वासाला पात्र असतो.

त्याच वेळी त्यांनी मुलीला आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. या प्रवेशाच्या अर्जात आपली आवड, आपल्या नोंदी, आपले छंद मांडायला जागा नसते. परदेशातील काही विद्यापीठांच्या दुहेरी पदवीसाठी निबंध लिहावे लागतात, शिफारसपत्रे द्यावी लागतात. येथे एका परीक्षेतील गुण आणि त्यावरून ठरणारा क्रमांक एवढेच पाहिले जाते. वहीचा उपयोग प्रवेश मिळाल्यावर, उन्हाळी प्रकल्पासाठी प्राध्यापकांकडे जाताना होईल. तोपर्यंत ती जपून ठेवावी आणि अभ्यासाला लागावे, हा त्यांचा सल्ला माझ्या मुलीला थोडा कडू वाटला, पण तो खरा होता.

दुहेरी पदवी म्हणजे नेमके काय, याबद्दल पालकांच्या मनात बराच गोंधळ असतो आणि केंद्राने तो ज्या पद्धतीने दूर केला तिचे मला कौतुक वाटते. आयसरमध्ये विद्यार्थी सुरुवातीची एक-दोन वर्षे जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांचा सामायिक पाया घेतो, त्यानंतर आपल्या आवडीच्या विषयाकडे वळतो आणि पाचवे वर्ष मुख्यतः संशोधन प्रबंधासाठी देतो. शेवटी त्याला बीएस आणि एमएस अशा दोन्ही पदव्या मिळतात. भुवनेश्वरची राष्ट्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (नायसर) आणि मुंबईत कलिना येथे असलेले मूलभूत विज्ञानांचे केंद्र येथील अभ्यासक्रमही पाच वर्षांचाच असतो, परंतु तो एकात्मिक एमएस्सी असून त्याची प्रवेश परीक्षा नेस्ट ही वेगळी आहे. आमच्यापासून तुलनेने जवळ असलेल्या बिट्स पिलानी या खासगी विद्यापीठाच्या गोवा परिसरात दुहेरी पदवीचा अर्थ आणखी निराळा आहे. तेथे विद्यार्थी आधी एमएस्सीच्या एखाद्या विषयाला प्रवेश घेतो आणि पहिल्या वर्षाच्या गुणांच्या आधारे त्याला अभियांत्रिकीची दुसरी शाखा मिळते. पाच वर्षांत दोन्ही पदव्या पूर्ण होतात. एकाच नावाखाली चालणाऱ्या या व्यवस्था केंद्राने कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवल्या आणि खर्चातील फरकही लपवला नाही. खासगी विद्यापीठांकडून आपण कोणतेही कमिशन घेत नाही, असे त्यांनी पावतीवरच छापले आहे. अशी लेखी हमी मी या क्षेत्रात इतरत्र पाहिलेली नाही.

आता परीक्षेच्या तयारीबद्दल. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला असतो. 2025 मध्ये विभागाचा निकाल 96.74 टक्के लागला. याचा आम्हा शिक्षकांना अभिमान आहेच, परंतु बोर्डाच्या परीक्षेतील यश आणि आयसरच्या आयएटी या परीक्षेतील यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे केंद्राने पहिल्याच सराव चाचणीत मुलांना दाखवून दिले. आयएटीमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी 15, असे एकूण 60 प्रश्न असतात. वेळ 3 तासांचा असतो, बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा 1 गुण वजा होतो. एकूण गुण 240. जेईई मेन आणि नीट मराठीतून देता येतात, तशी सोय या परीक्षेत नाही. बोर्डाच्या लेखी परीक्षेत आठवेल तेवढे लिहून येण्याची सवय लागलेल्या मुलांना प्रश्न सोडून देण्याचे धैर्य शिकावे लागते, आणि संगणकावर घेतलेल्या सराव चाचण्यांचा तेथे निश्चित उपयोग झाला.

जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत केंद्राची भूमिका मला विशेष प्रामाणिक वाटली. नियमाप्रमाणे या चार विषयांपैकी किमान तीन विषय बारावीला घेतलेले असले की बीएस-एमएससाठी अर्ज करता येतो. बारावीत 60 टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 55 टक्के गुणांची अट आहे. म्हणजे गणित नसलेला विद्यार्थी पात्र ठरतो. परंतु प्रश्नपत्रिका सर्वांना सारखीच असल्याने त्याच्यापुढेही गणिताचे 60 गुणांचे प्रश्न येतातच, आणि प्रवेश मिळाल्यानंतर पहिल्या वर्षी गणित शिकावेही लागते. 'पात्र आहात, फॉर्म भरा' एवढेच सांगून शुल्क घेणारी केंद्रे आहेत. येथे अशा मुलांना अकरावीपासूनच गणिताचा निदान पाया करून घेण्यास सांगितले जाते आणि त्यासाठी स्वतंत्र वर्गही चालवला जातो.

सराव साहित्याबाबत मात्र माझी तक्रार आहे. त्यांच्या प्रश्नसंचातील भौतिकशास्त्र आणि गणिताचा भाग जेईईच्या संचांवरून घेतलेला दिसतो. आकडेमोड फार आणि संकल्पनेवरचे प्रश्न कमी. जीवशास्त्राचे प्रश्न तर नीटसारखे, पाठांतरावर भर देणारे होते. आयसरच्या प्रवेश संकेतस्थळावर मिळणाऱ्या जुन्या प्रश्नपत्रिका पाहिल्या तर आलेख वाचून किंवा प्रयोगाची मांडणी समजून घेऊन उत्तर काढण्याचे प्रश्न भेटतात, आणि तशा प्रश्नांचा सराव येथे पुरेसा झाला नाही. माझ्या मुलीने शेवटी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके आणि त्या जुन्या प्रश्नपत्रिका यांवरच विसंबून अभ्यास केला. केवळ चाचण्यांसाठी येथे येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कागदपत्रांचे मार्गदर्शन हा या केंद्राचा खरा आधार आहे, आणि त्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण जिल्ह्यातील पालकांची सर्वांत जास्त अडचण येथेच होते. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेसाठी आपण काढलेले जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांना चालेलच असे नाही. इतर मागासवर्गासाठी केंद्र सरकारच्या ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, आणि केंद्रीय प्रवेशांत ते साधारणपणे चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे 1 एप्रिलनंतर दिलेले असावे लागते. आपल्याकडील भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे गट केंद्र सरकारच्या व्यवस्थेत स्वतंत्रपणे नाहीत. आपली जात केंद्र सरकारच्या इतर मागासवर्गीय यादीत आहे का, हे आधी पाहावे लागते. राज्याचे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे (एसईबीसी) आरक्षणही तेथे लागू होत नाही. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रसुद्धा केंद्र सरकारच्याच नमुन्यात हवे. सेतू केंद्रात अर्ज देताना 'केंद्र शासनासाठी' हे स्पष्टपणे सांगितले नाही, तर राज्याचा नमुना हाती पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फेब्रुवारीतच सर्व पालकांना बोलावून मार्गदर्शन केंद्राने हे सगळे समजावले आणि प्रत्येकाला त्याच्या प्रवर्गानुसार लागणाऱ्या कागदांची मराठी यादी दिली.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दलचा त्यांचा खुलासा तर आमच्यासारख्या अनेक शिक्षक कुटुंबांना उपयोगी पडला. दोघेही नोकरीत असले की पगार मिळून 8 लाखांच्या वर जातो, म्हणून आपण क्रिमीलेअरमध्ये गेलो, असे समजून कितीतरी पालक अर्जच करत नाहीत. वर्ग तीनच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पदाचा दर्जा पाहिला जातो. वेतन आणि शेतीचे उत्पन्न त्या 8 लाखांच्या मर्यादेत धरले जात नाही. मार्गदर्शन केंद्राने यासंबंधीच्या शासकीय परिपत्रकाची प्रत सोबत दिली होती, आणि प्रांत कार्यालयात ती दाखवल्यावर आमचे काम रखडले नाही. नावाच्या बाबतीतही त्यांनी प्रत्येकाची कागदपत्रे समोरासमोर ठेवून तपासली. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येते, आधारवर ते शेवटी असते, आईच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचे असते. अर्जात कोणते रूप भरायचे हे आधीच ठरले की पुढील पडताळणीत प्रश्न उद्भवत नाहीत.

संस्थांचा पसंतीक्रम लावताना आम्हा पालकांचा ओढा साहजिकच पुण्याकडे होता. पुणे पहिले ठेवण्याला केंद्राचाही विरोध नव्हता, परंतु त्याखालचा क्रम घरापासूनच्या अंतरावर लावू नका, असा त्यांचा आग्रह होता. कोणत्या संस्थेत परिस्थितिकीवर काम करणारे प्राध्यापक आहेत, कोठे पृथ्वी आणि पर्यावरण विज्ञानाचा विभाग आहे, हे त्यांनी मुलीला स्वतः संस्थांच्या संकेतस्थळांवर जाऊन शोधायला लावले, आणि तिने लिहून आणलेल्या टिपणावर तिच्याशी चर्चा केली. तिरुपती तिने दुसऱ्या क्रमांकावर ठेवले ते या अभ्यासातून. याच परीक्षेचे गुण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या बीएस अभ्यासक्रमासाठी आणि आयआयटी मद्रासच्या वैद्यकीय विज्ञान व अभियांत्रिकीच्या बीएससाठीही ग्राह्य धरले जातात; मात्र तेथे वेगळा अर्ज करावा लागतो, ही गोष्ट त्यांनी वेळेत सांगितली. प्रवेशानंतरच्या खर्चाचा विचार करताना इन्स्पायर शिष्यवृत्तीची माहितीही मिळाली. बोर्डाच्या निकालात पहिल्या एक टक्क्यात येणाऱ्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यातून वर्षाला 80 हजार रुपयांपर्यंत मदत होते.

परीक्षेच्या प्रवासाबद्दलची त्यांची सूचनाही नोंदवण्यासारखी आहे. 2025 ची आयएटी 25 मे रोजी होती आणि आमच्या मुलीचे परीक्षा केंद्र घाटमाथ्यावर आले होते. मे महिन्यात घाट उतरणे-चढणे सोपे असते असे आपण गृहीत धरतो, परंतु त्या वर्षी कोकणात आठवडाभर आधीपासूनच जोरदार पाऊस लागला होता आणि नेमक्या 25 मे रोजी मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. आदल्या दिवशी दुपारपर्यंत परीक्षेच्या शहरात पोहोचा, असा संदेश मार्गदर्शन केंद्राने सर्व पालकांना पाठवला होता, आणि अणुस्कुरा घाटाने जाणाऱ्या आम्हा राजापूरकरांना त्याचे महत्त्व त्या पावसात पुरेपूर कळले.

एवढे चांगले चाललेले काम निकालानंतर मात्र ढिले पडले, आणि ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे. जागावाटप फेऱ्यांमधून होते. मिळालेली जागा ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून स्वीकारावी लागते, अन्यथा ती हातची जाते. पालकांना सर्वांत जास्त भीती याच दिवसांत वाटते. नेमक्या त्याच सुमारास राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाची गर्दी सुरू होते आणि केंद्रातील सगळी माणसे त्या कामाला जुंपली जातात. आमच्या दूरध्वनीला उत्तर मिळत नव्हते, संदेशांना संध्याकाळी उशिरा एका ओळीचे उत्तर यायचे, आणि जागा स्वीकारल्यानंतर वरच्या पसंतीच्या संस्थेसाठी पुढील फेरीत विचार होतो का, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला शेवटी प्रवेशाची नियमावली वाचून स्वतःच शोधावे लागले. पूर्ण प्रक्रियेचे शुल्क आधीच घेणाऱ्या केंद्राने निदान एक माणूस तरी या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायला हवा. मी हे त्यांना प्रत्यक्ष सांगितले आणि त्यांनी ऐकून घेतले.

शुल्क साडेसहा हजार रुपये होते, सराव चाचण्यांसह. पुण्या-मुंबईतील समुपदेशकांच्या मानाने ते कमी आहे, पण आंबा-काजूवर वर्ष काढणाऱ्या किंवा मासेमारीवर अवलंबून असलेल्या घराला तेही जड जाते. हप्त्यांची सोय आहे, ती विचारल्याशिवाय सांगितली जात नाही, म्हणून विचारावे. केंद्राची जागा दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. दिव्यांग विद्यार्थी किंवा वयस्कर पालक असतील तर आधी कळवल्यास खाली भेट घेतली जाते. एसटी स्थानकातून रिक्षाने सहज पोहोचता येते.

सिंधुदुर्गातून येणाऱ्या पालकांसाठी मात्र ही सोय अपुरी आहे. सावंतवाडी किंवा दोडामार्गहून प्रत्येक भेटीला रत्नागिरी गाठायची म्हणजे पूर्ण दिवस मोडतो आणि मुलाचा अभ्यासही. कागदपत्रांची ती फेब्रुवारीतील सभा केंद्राने कुडाळला घ्यावी, अशी विनंती मी केली आहे. सभागृह मिळवून देण्याची तयारी तेथील काही शिक्षकांनी दाखवली आहे. अकरावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी दिवाळीच्या सुट्टीत येथे पहिली भेट घेतली, तर समुपदेशकांना बोलायला निवांत वेळ असतो आणि बारावीचे वर्ष सुरू होण्याआधी मुलाला स्वतःचा निर्णय घेता येतो. आमच्या मुलीला अखेर तिरुपतीची जागा मिळाली असून तिचे पहिले सत्र सुरू झाले आहे.